वरचा शेजारी, खालचा शेजारी

वाचकांचे प्रश्न : घर, पाया आणि जमीन

मागच्या अंकात कोयना खोऱ्यातल्या बारक्या धक्क्यांविषयी चार ओळी लिहिल्या आणि टपाल वाढलं. बरीच पत्रं उतारावर घर असलेल्यांची आहेत. बहुतेकांनी फोटोही जोडलेत. फोटोत काय, तर स्वतःच्या भिंतीवरची भेग, अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. वरच्या अंगाला कुणाचं घर आहे, मधली भिंत कशाची आहे, खालचा शेजारी खोदतोय का, याचा एकही फोटो नाही. सपाटीवर हे एक वेळ चालून जातं. उतारावर मात्र तुमच्या घराचं निम्मं भवितव्य शेजाऱ्याच्या हद्दीत असतं. म्हणून या वेळची उत्तरं जरा शेजाऱ्यांच्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं घर पाटण तालुक्यात डोंगराच्या उतारावर आहे. १९९८चं बांधकाम, दोन मजली आर.सी.सी. परसाला लागून वरच्या बाजूला नऊ फुटी दगडी भिंत आहे आणि तिच्यावरच्या जागेत शेजाऱ्यांनी अलीकडेच तीन मजली लॉज बांधलाय. धक्का बसला की भांडी वाजतात, त्याची सवय आहे. पण १९६७च्या कोयना भूकंपासारखा मोठा आला तर घर टिकेल का? एक ठेकेदार सगळ्या कॉलमना जॅकेटिंग करा म्हणतो. चार लाख सांगतोय.
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : चार लाख तूर्त खिशातच राहू द्या. जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती सळ्या आणि काँक्रीटचा जादा थर, वाईट नाही, पण तुमच्या कामांच्या यादीत ते बरंच खाली येतं. पहिल्या नंबरला आहे ती परसातली भिंत.

तुम्ही मागाहून पाठवलेला तिचा फोटो मी बराच वेळ मोठा करून पाहिला. ती भिंत म्हणून बांधलेलीच नाही. ती शेताची जुनी ताल आहे, सुक्या दगडाची रचाई. सुक्या रचाईचा मोठा गुण असा की मागचं पाणी दगडांच्या फटींतून आपोआप बाहेर पडतं. नंतर कुणीतरी, बहुधा लॉजचं काम चालू असताना, तिला देखणी करायला म्हणून सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या. वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायचं भोक, एकही ठेवलं नाही. आता पाणी मागेच अडतं. फोटोत गुडघाभर उंचीवर शेवाळाचा जो हिरवा पट्टा दिसतोय, तो त्याचाच पुरावा. त्या पट्ट्याच्या जरा वर, डावीकडे, भिंत किंचित पुढे आली आहे. गवंड्यांच्या भाषेत भिंतीला पोट आलंय.

थोडा हिशेब सांगते. नऊ फूट म्हणजे साधारण पावणेतीन मीटर. मागची माती कोरडी असेल तर भिंतीच्या तळाशी तिचा आडवा दाब चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास येतो. तीच माती पाण्याने वरपर्यंत भरली की पाण्याचा स्वतःचा दाबच पावणेतीन टन, शिवाय भिजलेल्या मातीचा वेगळा. बेरीज दुपटीच्या पुढे जाते. यात लॉजचं वजन धरलेलं नाही आणि भूकंपही धरलेला नाही.

भूकंपात अशा भिंतीमागच्या मातीची एक पाचर सुटल्यासारखी होते आणि प्रत्येक हिसक्याला पुढे रेटते. जपानमध्ये १९२३च्या कांटो भूकंपानंतर ओकाबे आणि मोनोनोबे या अभियंत्यांनी हा वाढीव दाब काढायची रीत बसवली. आजही संरक्षक भिंतीचं गणित त्यांच्याच नावाच्या सूत्राने सुरू होतं. तुमच्या तालीचं असं गणित कुणीही केलेलं नाही. करायचं कारणही नव्हतं, तिच्यामागे तेव्हा नाचणीचं वावर होतं. आता तिथे तीन मजले उभे आहेत, आणि गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी असेल तर आणखी पाच टन, तेही सर्वांत उंचावर, जिथे हेलकावा सर्वाधिक असतो.

आता लॉजचं फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, कुठे आहे, हे विचारून घ्या. इमारतीच्या पायांसाठीच्या भारतीय मानकात उतारालगतच्या फूटिंगला एक साधा नियम आहे : तळाच्या कडेपासून उताराच्या पृष्ठापर्यंतचं आडवं अंतर खडकात किमान ६० सेंटिमीटर आणि मातीत किमान ९० सेंटिमीटर हवं, शिवाय मातीत त्या कडेपासून आडव्या रेषेशी ३० अंशांनी खाली काढलेली तिरकी रेघ उताराबाहेर पडता कामा नये. तुमच्याकडे उतार नाही, सरळ नऊ फुटी कडा आहे. फोटोत लॉजचा कॉलम भिंतीपासून हाताच्या अंतरावर दिसतोय. त्याचा पाया खाली पक्क्या खडकात उतरवला असेल तर मला काळजी नाही. पण भरावातल्या मुरमावर बसवला असेल तर लॉजचा भार तुमच्या तालीवर आहे, लॉजमालकाच्या हे ध्यानीमनी नसलं तरी.

तपासणी घरच्या घरी सुरू करता येते. भिंतीच्या माथ्यावर फळी आडवी बाहेर काढून ओळंबा सोडा. दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर वर, मधे आणि खाली मोजा, वहीत तारखेसह लिहा. पोट आलेल्या जागी आणि धडधाकट जागी, दोन्हीकडे मोजा. भेग असेल तर तिच्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटच्या गोळ्याने बसवा आणि तिच्यावर मार्करने तारीख घाला. काच तडकली म्हणजे भेग जिवंत आहे. पावसाळ्याआधी एकदा, जुलैच्या झोडीनंतर एकदा आणि दिवाळीत एकदा मोजलंत तरी भिंत चालते आहे की थांबली आहे, ते कळेल.

काम करायचं तर आधी पाण्याचं. भिंतीला दीडेक मीटरच्या अंतराने, खालच्या ओळीपासून, तीन-चार इंची पाइप घालून वीप होल करून घ्या. पाइपाच्या मागच्या टोकाला खडी आणि जाळी हवी, नाहीतर पाण्याबरोबर माती वाहून येईल. पावसात भोकांतून नितळ पाणी आलं तर उत्तम. गढूळ आलं तर मागे पोकळी तयार होते आहे, ताबडतोब कुणाला तरी बोलवा. वरच्या शेजाऱ्यांना सांगून लॉजच्या गच्चीचं आणि सांडपाण्याचं पाणी भिंतीमागे न सोडता पाइपाने थेट ओढ्यात किंवा गटारात न्यायला लावा. हे त्यांच्याही हिताचं आहे. भिंत गेली तर तुमचं परस जाईल, पण लॉजच्या पुढच्या रांगेतले कॉलम उघडे पडतील.

त्यानंतर भिंतीचं बळकटीकरण. तिच्यापुढे जाळीत दगड भरून गॅबियनची पायरी करता येईल, किंवा आर.सी.सी.चे टेकू देता येतील. हे स्थानिक माती बघून एखाद्या जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पाया जाणणाऱ्या, अभियंत्याने ठरवावं. खर्च दोघांनी वाटून घ्या. आणि तोवर त्या भिंतीला टेकून असलेली पत्र्याची शेड, आतली गॅसची शेगडी आणि आजींची खाट, हे सगळं घराच्या दुसऱ्या अंगाला हलवा. याला पैसेही लागत नाहीत.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. डिसेंबर होता, डोंगर कोरडे होते. तरीही पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, बहुतेक घराखाली सापडून. त्यानंतर या पट्ट्यात ५ वा अधिक तीव्रतेचे धक्के वीसच्या वर झाले आहेत. डोंगर भिजलेला असताना काय होतं, ते २०२१च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा धक्क्याशिवाय दिसलं. दोन्ही एकदम कधी येऊ नयेत हे खरं, पण भिंतीचं गणित दोन्ही धरूनच करतात.

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात बावधनच्या चढावर आहे. ए आणि बी अशा दोन विंग शेजारी शेजारी, मधे जेमतेम दोन इंचांची फट. बी विंग चढावर असल्यामुळे तिचे मजले आमच्यापेक्षा अर्ध्या मजल्याने वर आहेत. फटीतून पाणी गळतं, कबुतरांनी घाण केली आहे. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, फट काँक्रीटने कायमची बुजवून टाकू. कमिटीत दोन तट पडलेत. आपण निकाल द्यावा.
— सचिव, एक गृहरचना संस्था

उत्तर : निकाल : बुजवायची नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला चहा देऊन परत पाठवा.

भूकंपात प्रत्येक इमारत आपापल्या लयीत झुलते. उंच इमारत सावकाश झुलते, बुटकी भरभर. दोन इमारती एकाच वेळी उलट दिशांना झुकल्या की मधली फट मिटते आणि त्या एकमेकींवर आदळतात. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपानंतर पडलेल्या आणि मोडलेल्या इमारतींमध्ये अशा धडकांच्या खुणा जागोजागी सापडल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांनी हा विषय गंभीरपणे घेतला.

दोन्हीकडचे स्लॅब समोरासमोर असतील तर स्लॅब स्लॅबवर आपटतो. प्लास्टर, कठडे, टाइल्स यांचं नुकसान होतं, पण स्लॅब आडव्या दिशेला भक्कम असतो, तो बहुधा निभावून नेतो. तुमची अडचण वेगळी आहे. चढामुळे बी विंगचा स्लॅब तुमच्या कॉलमच्या बरोबर मध्यावर येतो. गच्च भरलेल्या एसटीत उंच-बुटकी माणसं शेजारी उभी असली की ब्रेक दाबल्यावर एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत बसतं, तसा हा प्रकार. कॉलम वरून येणारं वजन पेलायला केलेला असतो, मधोमध आडवा घाव घ्यायला नव्हे. असा एखादा कॉलम गेला तर त्याच्यावरचे सगळे मजले त्याच्यामागून येतात. उतारावरच्या वस्त्यांत मजले असे वरखाली असणं हाच नियम आहे. सपाटीवर जे अपवादाने घडतं, ते चढावर प्रत्येक दुसऱ्या इमारतीत सापडतं.

दोन इंच पुरेत का? आपल्या जुन्या मानकात एक ढोबळ तक्ता आहे : आर.सी.सी. चौकटीच्या इमारतीला दर मजल्यामागे २० मिलिमीटर, आणि काहीही झालं तरी एकूण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. इमारत सात मजली असेल तर १४० मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. हा आकडा बऱ्यापैकी कडक भूकंप गृहीत धरून दिलाय, आणि पुणे २०१६च्या मानकाच्या नकाशावर झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, येतं, त्यामुळे तुमचा प्रत्यक्ष हिशेब कमी निघेल. नेमकं उत्तर तुमच्या मूळ आर.सी.सी. सल्लागाराच्या फायलीत असतं. दोन्ही विंग प्रत्येक मजल्याला किती सरकतात ते त्याने काढलेलं असतं, आणि फट त्या बेरजेवरून, तीही गुणक लावून, ठरवतात. ते कागद मागवा. न मिळाले तर नवीन तपासणी करून घ्या. मजले समोरासमोर नसतील तर हिशेब जास्त कडक धरायचा, एवढं त्या सल्लागाराला बजावून सांगा. तो आधीच जाणत असेल तर तुमचा माणूस बरोबर आहे.

फट काँक्रीटने भरली तर काय होईल, हे कमिटीतल्या दुसऱ्या तटाला असं समजावा. भरलेली फट म्हणजे दोन्ही इमारती कायमच्या एकमेकींना टेकलेल्या. उन्हाने काँक्रीट फुगतं तेव्हाही मग जागा उरत नाही, आणि भेगा दर उन्हाळ्यात पडत राहतात. फटीत पडलेला राडारोडाही तेच करतो. बांधकामावेळी सेंट्रिंगच्या फळ्या, थर्मोकोल, विटांचे तुकडे फटीत सर्रास राहून जातात. माझा अनुभव असा की 'दोन इंच' म्हणून नकाशावर असलेली फट टॉर्च मारून पाहिली तर तिसऱ्या मजल्याखाली ती फट नसतेच, तिथे चुकून ओतलेलं काँक्रीट असतं. गच्चीवरून दोरीला वजन बांधून सोडा. जिथे अडेल तो मजला लिहून घ्या.

गळतीला उपाय सोपा आहे. गच्चीवर आणि भिंतींवर फटीला पत्र्याचं किंवा ॲल्युमिनिअमचं झाकण एकाच बाजूला स्क्रूने बसवा, दुसऱ्या बाजूने ते नुसतं सरकायला मोकळं ठेवा. आत लवचिक सीलंट. कबुतरांना जाळी. जिन्याचे किंवा पॅसेजचे स्लॅब दोन विंगना जोडत असतील तर तेही बघा, ते एका बाजूला सरकते असावे लागतात. सोसायट्यांना फट बुजवायची जी हौस आहे ती मला कधी कळली नाही. तेवढ्याच पैशात झाकण होतं.

प्रश्न : मुलीची बदली गंगटोकला झाली आहे. तिने भाड्याने बघितलेल्या इमारतीत रस्त्यावरून शिरलं की ती दोनच मजली वाटते. आत गेल्यावर कळतं, खाली आणखी चार मजले आहेत आणि फ्लॅट खालून दुसरा आहे. तिथे भूकंप होतात हे वाचून जीव टांगणीला लागलाय. तिला काय बघायला सांगू?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : गंगटोकमध्ये हीच रचना सगळीकडे दिसेल. डोंगराच्या अंगाने रस्ता काढलेला, आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला नि खालच्या अंगाला इमारती. १८ सप्टेंबर २०११ला, रविवारी संध्याकाळी, ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. पावसाचे दिवस होते, त्यामुळे दरडींनी रस्ते तोडले आणि मदत उशिरा पोहोचली. तिथलं जुनं इकरा घर, म्हणजे लाकडी चौकट, बांबूच्या ताट्या, त्यांवर मातीचा गिलावा आणि वर हलका पत्रा, त्या धक्क्यात चांगलं टिकलं. घाईघाईने उठवलेल्या सिमेंटच्या इमारतींना जास्त त्रास झाला. भाड्याने मिळालं असतं तर मुलीला इकरा घरच घ्यायला सांगितलं असतं, पण आता ती शहरात फार उरलेली नाहीत.

तिच्या इमारतीत बघायची गोष्ट म्हणजे कॉलमच्या लांब्या. उतारावरच्या इमारतीत डोंगराच्या बाजूचे कॉलम आखूड आणि दरीच्या बाजूचे लांब असतात. सगळे सारख्याच जाडीचे. लोकांना वाटतं लांबसडक कॉलम आधी मोडणार. धक्क्यात होतं उलटं. कॉलमचा ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : ३ मीटरच्या कॉलमपेक्षा दीड मीटरचा तसाच कॉलम आठपट ताठ असतो. स्लॅब दोघांना एकसारखाच सरकवतो, त्यामुळे आठपट ओढ त्या आखूड कॉलमवर येते आणि तो आडव्या बळाने इंग्रजी एक्सच्या आकारात फुटतो. शिवाय ताठ बाजू डोंगराला आणि लवचिक बाजू दरीला, म्हणून उताराच्या आडव्या दिशेने हलवलं की अख्खी इमारत पिळवटते आणि दरीकडचे कोपरे सर्वांत जास्त फिरतात.

तर मुलीला सांगा, इमारतीच्या सर्वांत खालच्या तळाशी उतरून जा. घरमालक नाक मुरडेल, मुरडू दे. दरीकडचे लांब कॉलम अधांतरी उभे आहेत, की मधे आडव्या बीमनी एकमेकांना आणि डोंगराकडच्या रांगेला बांधलेले आहेत? तिथे काँक्रीटची एखादी अखंड भिंत वर चढत गेलेली दिसते का? असेल तर चांगली खूण. डोंगराकडची मागची भिंत इमारतीचीच आहे, की डोंगर धरायला वेगळी संरक्षक भिंत बांधून मधे वावभर मोकळी गल्ली सोडली आहे? वेगळी भिंत आणि गल्ली असलेली इमारत मला नेहमी पसंत. जिथे मागच्या खोल्यांच्या भिंतीच डोंगर अडवतात, तिथे त्या पावसात ओलसर राहतात आणि धक्क्यात मातीचा रेटा थेट घरात येतो.

मग वर बघायचं. रस्त्यापलीकडे, डोंगराच्या अंगाला उभी असलेली इमारत तिच्या इमारतीवर कोसळू शकेल का? दोन्ही बाजूंच्या इमारती चिकटून आहेत का, आणि असल्यास त्यांचे मजले रांगेत आहेत का? चिकटलेल्या रांगेत टोकाची इमारत जास्त मार खाते, कारण सगळ्यांचा धक्का तिच्याकडे येतो आणि पलीकडून तिला आधार नसतो. दोन फ्लॅट सारखेच आवडले तर टोकाचा सोडायचा.

आणि खालून दुसरा मजला म्हणून घाबरू नका. बाहेर पडायचा रस्ता वरच्या दिशेने आहे एवढंच लक्षात ठेवायचं. जिना कुठे उघडतो, तो रात्री कुलूपबंद असतो का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. धक्का चालू असताना मात्र जिन्याकडे धावायचं नाही. मजबूत टेबलाखाली, डोकं झाकून, थांबेपर्यंत.

प्रश्न : वेलिंग्टनला नोकरीनिमित्त स्थायिक झालो. घर घ्यायचंय. टेकडीच्या माथ्यावरचं एक आवडलंय, एक पायथ्याचं स्वस्त मिळतंय. भूकंपाच्या दृष्टीने कुठलं बरं?
— एक वाचक, न्यूझीलंड

उत्तर : मधलं शोधा, असं थट्टेने म्हणणार होते, पण थट्टेत थोडं तथ्य आहे. टेकडीचा माथा आणि कड्याची कडा इथे हादरे वाढतात. कॅलिफोर्नियात १९७१च्या सान फर्नांडो भूकंपात पकोइमा धरणाशेजारच्या डोंगरसोंडेवर गुरुत्वाच्या सव्वापट प्रवेग नोंदला गेला आणि तज्ज्ञांना उपकरणावरच शंका आली. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात टारझाना इथल्या एका लहानशा टेकाडावर तर तो पावणेदोनपटीच्या पुढे गेला. पायथ्याला वेगळं संकट. ख्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ला पोर्ट हिल्सच्या कड्यांवरून शिळा घरांत घुसल्या. कड्याच्या खालचीच नव्हे, माथ्याच्या कडेवरचीही घरं नंतर कायमची रिकामी करावी लागली, कारण माथाच मागे सरकला होता. रस्ता वाचवायला सम्नरच्या बाजूला जहाजाचे कंटेनर रचून भिंत केली होती.

म्हणून माथा की पायथा यापेक्षा कड्यापासून अंतर किती, आणि घर कापलेल्या जमिनीवर आहे की भरावावर, हे बघा. जपानमध्ये सेंदाईच्या आसपास टेकड्या तासून, मधल्या घळी भरून वसाहती केल्या होत्या. १९७८च्या मियागी भूकंपात नुकसान मुख्यतः भरावावरच्या घरांचं झालं, आणि २०११ला पुन्हा तसंच. एकाच गल्लीत एक घर शाबूत, पुढचं वाकडं. सर्वांत वाईट ते घर, ज्याचा अर्धा भाग कापावर आणि अर्धा भरावावर असतो. कौन्सिलकडून लिम अहवाल, म्हणजे त्या जमिनीविषयी कौन्सिलकडे असलेल्या माहितीचा दाखला, घ्या आणि संरक्षक भिंत कोणाच्या हद्दीत, कोणाच्या जबाबदारीवर आहे ते वकिलाकडून लिहून घ्या. तिकडच्या सरकारी आपत्ती विम्यात घराजवळची जमीन आणि घराला आधार देणाऱ्या भिंतीही ठरावीक मर्यादेत येतात. ती मर्यादा खरेदीआधी वाचावी.

प्रश्न : आमचं चिपळूणजवळ जांभ्याचं जुनं घर आहे, वडिलांनी बांधलेलं, चाळीस वर्षांचं. खालच्या बाजूच्या प्लॉटवर शेजाऱ्याने पार्किंगसाठी जेसीबीने उभं कापायला सुरुवात केली आहे. आमच्या जोत्यापासून सात-आठ फुटांवर दहा फूट खोल खड्डा आहे. बोललो तर म्हणतो, माझी जागा आहे. कायदा काय म्हणतो?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी जमीन, मग कायदा. जांभ्याचा वरचा थर कठीण असतो, म्हणून उभा काप सुरुवातीला सुंदर उभा राहतो आणि जेसीबीवाल्याला वाटतं, बघा, काही होत नाही. पण खाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती लागते. ती उघडी पडून भिजली की वरचा कठीण थर खालून पोकळ होतो आणि अख्खा तुकडा एकदम तुटतो. तुमचं घर जड आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतींना आडवी बांधणी नसेल, म्हणजे जोत्याला, लिंटेलला (दारा-खिडक्यांच्या माथ्याला) आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे नसतील, तर पाया एका बाजूने जरा जरी खचला की कोपऱ्याला तिरपी भेग पडते. त्यात कोयना डोंगरापलीकडेच आहे. साधा धक्काही अशा सुट्या कोपऱ्याला पुरतो.

दहा फूट खोल खड्डा आणि सात-आठ फुटांचं अंतर, म्हणजे खड्ड्याच्या तळापासून ४५ अंशांत रेघ काढली तर ती तुमच्या जोत्याच्या आत येते. हा काप टेकू दिल्याशिवाय उघडा ठेवणं धोक्याचं आहे. तुकड्या-तुकड्याने खोदून, प्रत्येक तुकड्यात लगेच भिंत उठवत पुढे जायचं, ही याची रीत. एकदम सरसकट कापायचं नाही.

कायद्यात तुमची बाजू लंगडी नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७मध्ये प्रत्येक जमीनमालकाला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र तो हक्क जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत आहे, बांधकामाच्या भारासकट नव्हे. शेजारी वकील लावेल तर नेमकं इथेच बोट ठेवेल. त्याला उत्तर कलम १५मध्ये आहे : तुमच्या इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार सुविधाधिकार म्हणून वीस वर्षं शांतपणे आणि अखंड मिळत आला असेल तर तो हक्क पक्का होतो. तुमचं घर चाळीस वर्षांचं आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वडिलांच्या नावचा बांधकाम परवाना, जुने फोटो, जे काही वय सिद्ध करेल ते काढून ठेवा.

पण कोर्टाच्या तारखेआधी पाऊस येईल. त्यामुळे आजच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, जी हद्द लागू असेल तिथे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात खड्ड्याची खोली, जोत्यापासूनचं अंतर आणि तारीख फुटांत-इंचांत लिहा, 'खूप जवळ' असं लिहू नका. तहसीलदार कार्यालयात प्रत द्या. खोदकामाला परवानगी आहे का, आणि त्या परवानगीत संरक्षक भिंतीचा नकाशा आहे का, हे माहितीच्या अधिकारात मागवा. आपल्या घराच्या प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो आजच काढा, भेग नसलेल्या भिंतींचेही, म्हणजे नंतर पडलेली भेग 'आधीचीच होती' असं कुणाला म्हणता येणार नाही.

आणि शेजाऱ्याकडे पुन्हा एकदा जा, या वेळी भांडायला नाही. त्याच्या अभियंत्याचं नाव विचारा. अभियंता असेल तर त्याच्याशीच बोला, तो तुमचं म्हणणं शेजाऱ्यापेक्षा लवकर ऐकेल. कापाच्या माथ्यावर ताडपत्री, तुमच्या हद्दीत कडेने एक छोटा चर आणि तुमच्या पन्हाळीचं पाणी दुसऱ्या दिशेला वळवणं, एवढं तरी मे संपायच्या आत उरकून घ्या. भिंतीचं काम पावसात सुरू झालं तर थांबवायला सांगा. काप तोवर टेकू देऊन झाकून ठेवायला लावा, कारण पावसात घाईने ओतलेली भिंत दोघांनाही महागात पडते.